स्कीचे बूट : उष्णतेने पायाच्या आकारात बसणारे लायनर आणि आपले रुंद पाय

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार. आम्ही साताऱ्यातील काही डोंगरवेडी मंडळी दर हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगसाठी जातो. बर्फ, उतार, प्रशिक्षक यांबद्दल कसलीच तक्रार नाही. तक्रार आहे ती भाड्याने मिळणाऱ्या बुटांची. दुपारपर्यंत पावलाचा वरचा भाग बधिर होतो, नडगीवर बुटाची कड रुतते, आणि इतके आवळूनही टाच आतल्या आत उचलली जातेच, त्यामुळे वळण घेताना स्की पायाचे ऐकत नाही. यवतेश्वरचा घाट धावत चढणारे-उतरणारे आमचे पाय इतके नाजूक नाहीत, म्हणून दोष बुटाच्या निवडीतच असावा असे मला वाटते.

आता स्वतःचे बूट घ्यायचा विचार आहे. माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो आणि दिवाळीला घरी येणार आहे. मी कागदावर पाऊल आखून त्याला माप पाठवायचे आणि त्याने उष्णतेने आकार घेणाऱ्या लायनरचा (म्हणजे बुटाच्या आतल्या मऊ भागाचा) बूट घेऊन यायचा, अशी योजना आहे. लायनर गरम करून पायावर बसणारच असेल, तर बूट थोडा मोठा घेतलेला बरा, असेही आमच्या गटातील काहींचे मत आहे. ज्यांनी असे बूट वापरले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझे वजन ६८ किलो आहे, साध्या बुटाचे माप आठ नंबर आहे आणि चवडा चांगलाच रुंद आहे.

मिरजकर

मी स्कीइंग केलेले नाही, पण धावण्याचा अनुभव आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये घाट उतरताना बोटे बुटाच्या टोकावर आपटून नखे काळीनिळी झालेले कितीतरी धावपटू मी पाहिले आहेत. म्हणून आम्ही नेहमी अर्धा ते एक नंबर मोठा बूट घेतो. स्कीमध्ये तर केवळ उतारच उतरायचा असतो, तेव्हा बोटांपुढे मोकळी जागा हवीच, असे माझे मत आहे.

हिमरेषा

मिरजकर, धावण्याच्या बुटाबद्दल तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण तो नियम स्कीच्या बुटाला लावला तर पायाचे हाल ठरलेलेच. धावताना पाऊल बुटात वाकते, पुढे सरकते आणि दर ढांगेला आपटते. स्कीच्या बुटात पाऊल वाकतच नाही. ते कडक प्लॅस्टिकच्या शेलमध्ये बसलेले असते आणि आपण शरीराचा भार नडगीने बुटाच्या जिभेवर टाकत असतो. तसा भार टाकला की टाच मागच्या खोबणीत जाऊन बसते आणि बोटे पुढच्या भिंतीपासून आपोआप सुटतात. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती मोकळी झाली पाहिजेत. योग्य मापाची ही पहिली खूण आहे.

अजिंक्यतारा_पायथा, तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे मला लहान बुटाची नव्हे, तर मोठ्या बुटाची वाटतात. बूट सैल असला की टाच धरून ठेवण्यासाठी आपण बकल आवळतो, तरी टाच हलते, म्हणून आणखी एक दात पुढे घेतो, आणि या आवळण्याने पावलाच्या वरच्या भागातील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त पोहोचत नाही म्हणून पाऊल बधिर होते आणि गार पडते. भाड्याच्या दुकानात गर्दीच्या वेळी जो पटकन पायात जातो तोच बूट हातात दिला जातो, आणि पटकन पायात जाणारा बूट बहुधा मापापेक्षा मोठाच असतो.

मी मूळची सांगलीची. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे फ्रान्समध्ये ग्रनोबलला राहिले आणि तिथेच बूट बसवून घेणे म्हणजे काय ते शिकले. लायनरविषयी वेळ मिळताच सविस्तर लिहिते.

कृष्णाकाठ

माप नक्की कसे सांगतात? माझ्या मित्राच्या बुटावर २६.५ लिहिले होते आणि साध्या बुटाच्या नंबराशी त्याचा काही ताळमेळ लागत नव्हता.

वाईकर_काका

कृष्णाकाठ, ते मोंडोपॉइंट माप आहे. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली की तेच माप; २६.५ म्हणजे २६५ मिलिमीटर लांबीचे पाऊल. त्यामुळे पायातल्या चपलेचा किंवा बुटाचा नंबर सांगत बसू नये, लांबी मोजावी. मोजण्यासाठी टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे, सर्वांत लांब बोटापाशी काटकोन्या लावून खूण करावी, आणि हे काम संध्याकाळी करावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल थोडे पसरलेले असते. दोन पावले क्वचितच सारखी भरतात, तेव्हा दोन्ही मोजावीत. कागदावर पेन्सिल फिरवून पाऊल आखले, तर पेन्सिल तिरपी झाली की चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि स्कीच्या बुटात तो फरक फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचे शेल एकच असते. फरक असतो तो आतल्या तळव्याचा किंवा लायनरचा. म्हणून २६ घट्ट वाटला म्हणून २६.५ मागितला, तर बाहेरचे प्लॅस्टिक जसेच्या तसे राहते.

मी औलीला स्कीइंग शिकलो त्या काळात मिळेल तो बूट घालायचा, एवढेच आम्हाला ठाऊक होते. आज तरुण मंडळी इतक्या बारकाईने विचारत आहेत, याचे मला फार समाधान वाटते.

हिमरेषा

काकांनी माप नेमके सांगितले आहे. आता शेलची परीक्षा. लायनर पूर्ण बाहेर काढावा, पातळ मोजा घालून पाऊल रिकाम्या शेलमध्ये ठेवावे, बोटे पुढे जेमतेम टेकेपर्यंत सरकवावे आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. आरामात स्कीइंग करणाऱ्याला १५ ते २० मिलिमीटर जागा पुरेशी आहे, म्हणजे साधारण एक ते दीड बोट. शर्यतीचे खेळाडू १० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तीन बोटे सहज आत जात असतील, तर तो बूट कितीही मऊ वाटला तरी परत ठेवावा. घोट्याच्या आणि चवड्याच्या बाजूंनाही पाऊल प्लॅस्टिकला कुठे टेकते का ते याच वेळी पाहून घ्यावे.

त्यानंतरच लायनरचा विचार. उष्णतेने आकार घेणारा फेस (फोम) गरम झाला की जिथे दाब येतो तिथे दबतो आणि जिथे पोकळी असते तिथे थोडा फुलून ती भरतो. पण एक माप मोठ्या शेलमधील पोकळी भरून काढण्याइतका फेस त्यात नसतो. शिवाय कोणताही लायनर वापराने दबत आणि सैल होत जातो. तो आपणहून घट्ट कधीच होत नाही. दुकानात पहिल्या दिवशी अगदी आरामशीर वाटलेला बूट दुसऱ्या हंगामात पायात खेळू लागतो तो यामुळेच. तेव्हा ‘गरम करून बसवता येईल, म्हणून मोठा घ्या’ हा सल्ला कृपया मानू नये.

विश्रामबाग

हिमरेषाताई, सगळे लायनर सारखेच असतात का? माझ्या बुटाच्या खोक्यावर ‘थर्मोफॉर्मेबल’ असे लिहिले आहे, पण दुकानदाराने ते गरम वगैरे काही केले नाही.

हिमरेषा

सारखे नसतात. काही लायनरमध्ये फक्त घोटा आणि टाच यांच्याभोवतीचा फेस आकार घेणारा असतो, बाकीचे अस्तर आणि शिवण नेहमीसारखीच असते. काही लायनर मात्र संपूर्ण बंद पेशींच्या ईव्हीए फेसचे असतात. कॅनडातील इंट्यूशन या कंपनीचे लायनर त्यासाठीच ओळखले जातात. हे वजनाला हलके, पाणी न शोषणारे आणि उबदार असतात आणि गरम करून पुन्हा काही वेळा बसवता येतात. पहिल्या प्रकारचे लायनर गरम न करता वापरले तरी अंगाच्या उबेने काही दिवसांत पायाला सरावतात, म्हणून बरेच दुकानदार ते काम ग्राहकाच्या पायांवर सोडून देतात.

प्रत्यक्ष प्रक्रिया मी जशी पाहिली तशी सांगते, म्हणजे तुमच्या भावाला दुकानात काय अपेक्षित आहे ते कळेल. आधी आतला तळवा ठरवून घेतात, कारण पायाची कमान खाली बसली की पाऊल लांब आणि रुंद होते. तळव्याचा आधार नंतर बदलला तर घेतलेला आकार वाया जातो. मग बोटांवर फेसची छोटी टोपी चढवतात, जेणेकरून बोटांपुढे जागा राहील. करंगळीच्या मुळाशी, घोट्याच्या हाडावर किंवा जिथे हाड पुढे आलेले असेल तिथे पातळ चकत्या चिकटवतात आणि वर एक पातळ मोजा चढवतात. लायनर गरम हवेच्या यंत्रावर किंवा खास भट्टीत साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटे ठेवतात. नेमका आकडा प्रत्येक कंपनी देते आणि तोच पाळावा. बाहेर काढलेला लायनर तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतका लवचिक झालेला असतो. तो लगेच शेलमध्ये घालून, सुरकुती पडू न देता पाऊल आत सरकवतात, टाच जमिनीवर दोन-तीनदा मागे आपटून बसवतात आणि बकल हलकेच लावतात. त्यानंतर चवड्याखाली लाकडी फळी देऊन दहा-पंधरा मिनिटे स्थिर उभे करतात, म्हणजे टाच मागच्या खोबणीत रुतून राहते. या वेळात चुळबुळ केली की आकार बिघडतो.

मिरजकर

ताई, आपण इतके समजावून सांगितल्यावर माझे मत बदलले. शंका एकच, रुंद पायांचे काय? लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढलेली आपली पावले पुढून पसरलेली असतात. लांबीला योग्य असलेला बूट रुंदीला आवळणार नाही का?

फिजिओ_सांगली

मिरजकरांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा काढला आहे. लहानपणी अनवाणी चाललेल्यांचा चवडा रुंद असतो, हे पायांच्या अभ्यासातून दिसून आले आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांतही मी ते रोज पाहतो. पण रुंदीसाठी लांबी वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बुटाच्या माहितीत लास्ट म्हणून एक आकडा दिलेला असतो, तो चवड्यापाशी आतली रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ९८ च्या आसपासचा बूट अरुंद, १०० चा मध्यम आणि १०२ ते १०४ चा रुंद मानला जातो. हा आकडा सहसा २६.५ मापाच्या बुटासाठी दिलेला असतो, लहान मापात तो कमी आणि मोठ्या मापात जास्त होतो, हे ध्यानात घ्यावे. रुंदीइतकीच पावलाच्या वरच्या उंचवट्याची उंची महत्त्वाची आहे. बधिरपणा बहुतेक वेळा तिथल्या दाबाने येतो, आणि ती उंची लास्टच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट घोट्याची. स्कीच्या बुटात घोटा पुढे वाकलेल्या स्थितीत धरून ठेवलेला असतो. ज्याच्या पोटऱ्या आखडलेल्या आहेत, त्याचा घोटा तेवढा वाकत नाही आणि मग टाच उचलली जाते. बूट कितीही चांगला असो. घरच्या घरी याची परीक्षा सोपी आहे. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते का ते पाहावे. आपल्या आजी-आजोबांना जे सहज येत होते, ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कित्येकांना येत नाही. टाचा उचलल्या जात असतील तर बूट बसवणाऱ्याला तसे सांगावे. टाचेखाली पातळ पाचर देऊन बराच फरक पडतो. शिवाय महिनाभर आधीपासून पोटऱ्यांचे ताण देण्याचे व्यायाम करावेत.

आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी विशेष जपावे. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट कुठे रुततो आहे ते कळत नाही आणि साध्या फोडाची मोठी जखम होते. अशांनी दर तासा-दोन तासांनी बूट काढून पाऊल डोळ्यांनी तपासावे.

कराडकर

मी प्लॅस्टिकच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून शेलविषयी थोडे लिहितो. उतारावरच्या स्कीचे बहुतेक शेल पॉलियुरेथेनचे असतात, तर चढाईच्या हलक्या बुटांत ग्रिलामिडसारखे नायलॉन वापरतात. पॉलियुरेथेन थंडीत बरेच कडक होते. साताऱ्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात घरात पायात घातलेला बूट छान वाकतो आहे असे वाटेल, पण गुलमर्गचे गावच सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि वरच्या अफरवतच्या उतारांवर थंडी आणखी बोचरी असते; तिथे तोच बूट वेगळाच जाणवेल. म्हणून फ्लेक्सचा, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा, आकडा पाहताना हा फरक हिशेबात धरावा. शिवाय फ्लेक्ससाठी सर्व कंपन्यांना बांधील असे एकच प्रमाण नाही, एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९० सारखाही असू शकतो. ६८ किलो वजनाच्या आणि वर्षातून एखादी वारी करणाऱ्या माणसाला ८० ते १०० मधला बूट शोभेल असे मला वाटते.

आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार करायला हवा. पॉलियुरेथेन ओलाव्याने वर्षानुवर्षे हळूहळू झिजते आणि फार जुना बूट एके दिवशी उतारावरच तडकू शकतो. त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून खूप जुना बूट घेऊ नये. घरी ठेवताना लायनर बाहेर काढून पंख्याखाली पूर्ण सुकवावा, मग आत घालून बकल हलके लावून ठेवावीत, म्हणजे शेलचा आकार टिकतो. जून ते सप्टेंबर बूट बंद पिशवीत घालून माळ्यावर टाकला, तर लायनरला बुरशी आलीच म्हणून समजावे. चुलीजवळ किंवा हीटरसमोर सुकवायला ठेवू नये. फेस पुन्हा मऊ पडून वेडावाकडा होतो.

विश्रामबाग

घरच्या घरी लायनर बसवण्याचा एक उपाय परदेशातील चढाई करणारी मंडळी वापरतात. सुती मोज्यात तांदूळ भरून तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा आणि लायनरमध्ये ठेवून आतून उष्णता द्यायची. तांदळाची ऊब सर्वत्र सारखी पसरते आणि फेस जळत नाही. आपल्याकडे बूट बसवणारे कारागीर मिळणे कठीण आहे, तेव्हा हा उपाय का करू नये?

हिमरेषा

संपूर्ण ईव्हीए फेसच्या लायनरसाठी हा उपाय चालतो, हे मला मान्य आहे. पण तो शेवटचा पर्याय समजावा. तळव्याचा आधार, चकत्या कुठे लावायच्या, टाच कशी बसवायची, हे अनुभवी माणूस पाय हातात घेऊन ठरवतो. आणि घरच्या ओटीजीमध्ये लायनर ठेवण्याचा विचार कुणीही करू नये. त्यातील तापलेल्या कांडीजवळ फेस वितळतो किंवा पेट घेऊ शकतो, आणि कंपनीची हमीही जाते.

विश्रामबाग

ओटीजीबद्दल मी पूर्णपणे सहमत आहे. तांदळाच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. दर वर्षी युरोपला जाणे प्रत्येकाला शक्य नाही, आणि लायनर पुन्हा बसवता येतो हाच तर त्याचा गुण आहे.

कृष्णाकाठ

माझ्या मुलीला, वय ११, यंदा प्रथमच नेणार आहोत. तिच्यासाठी वाढत्या अंगाचा बूट घ्यावा का?

वाईकर_काका

मुळीच घेऊ नका. शाळेच्या बुटासारखी वाढीची सोय इथे करू नये. सैल बुटात मूल स्कीवर ताबा ठेवू शकत नाही आणि खेळावरचे मनच उडते. मुलांसाठी भाड्याचाच बूट घ्या, मात्र लायनर काढून टाचेमागची जागा स्वतः तपासा आणि पायात एकच पातळ लोकरीचा मोजा घाला. दोन-दोन सुती मोजे घातले की घामाने ओले होतात आणि पाय जास्त गारठतो. आतला थर्मल पायजमाही बुटात खोचू नये, त्याची घडी नडगीवर रुतते.

अजिंक्यतारा_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी भिंतीला टाच लावून माप घेतले. उजवे पाऊल २६.१ आणि डावे २५.७ सेंटिमीटर भरले; चवड्याची रुंदी भार देऊन १०४ मिलिमीटर आहे. उकिडवे बसताना टाचा टेकतात. गुलमर्गच्या दुकानातून मी ज्या मापाचा बूट आणत होतो त्यावर २८.५ लिहिलेले आहे, हे जुन्या छायाचित्रात आत्ता दिसले. म्हणजे हिमरेषाताईंनी लक्षणांवरून केलेले निदान तंतोतंत खरे निघाले.

हिमरेषा

मग तर प्रश्नच मिटला. तुमच्यासाठी २६ चे शेल, १०२ च्या आसपास लास्ट, आणि मोठ्या म्हणजे उजव्या पावलावर बसवायचे. तिथे थोडा दाब राहिलाच, तर करंगळीच्या मुळापाशी शेल गरम करून बाहेर फुगवता येते. चांगले कारागीर ते सर्रास करतात. डाव्या बाजूला लायनर थोडा जास्त फुलेल आणि फरक भरून निघेल.

माझा आग्रह अजूनही हाच आहे की बूट पायात घालूनच घ्यावा. ते शक्य नसेल, तर भावाला वेगवेगळ्या ठेवणीचे दोन जोड आणायला सांगा, लायनर गरम न केलेले, आणि परत करण्याची मुदत आधी विचारून घ्या. एकदा गरम केलेला लायनर दुकानदार सहसा परत घेत नाही.

वाईकर_काका

एक सुरक्षिततेची गोष्ट राहिली. बूट स्वतःचा आणि स्की भाड्याची असेल, तर बुटाचा तळ आणि स्कीवरील बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) यांचा मेळ बसलाच पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच बुटांना चालायला सोपा असा ग्रिपवॉकचा वळणदार तळ असतो. जुन्या अल्पाइन बाइंडिंगला तो चालत नाही, कारण पडल्यावर बूट वेळेवर सुटत नाही आणि गुडघ्याला इजा होते. गुलमर्गच्या दुकानात कोणती बाइंडिंग आहेत ते आधी फोनवर विचारा, आणि शंका असेल तर साधा अल्पाइन तळ असलेला किंवा तळ बदलता येणारा बूट घ्या. शेलच्या बाजूला तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बाइंडिंग त्या आकड्याप्रमाणे आणि वजन, उंची, वय व कौशल्य पाहून जुळवायचे असते, तेव्हा दुकानदाराला ते आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा.

अजिंक्यतारा_पायथा

काका, हा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. भावाशी बोलणे झाले. तो म्युनिकमधल्या दुकानातून २६ मापाचे, १०२ लास्टचे, साध्या अल्पाइन तळाचे दोन जोड आणतो आहे, फ्लेक्स ९०, लायनर न तापवलेले. शेलची परीक्षा इथे घरी करू, एक जोड तो परत नेईल. कारागीर मिळेपर्यंत लायनर तसाच वापरायचा की तांदळाचा प्रयोग करायचा, एवढेच ठरायचे आहे.

फिजिओ_सांगली

आधी नुसताच वापरून पाहा. संध्याकाळी घरात पाऊण-एक तास बूट घालून उभे राहा, गुडघे पुढे वाकवा, पण कराडकरांनी सांगितल्याप्रमाणे इथल्या हवेत फ्लेक्सविषयी मत बनवू नका. बूट काढल्यावर पाऊल पाहा. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल आणि ती दहा मिनिटांत जात असेल तर काळजी नाही. एकाच जागी गडद डाग उमटून टिकत असेल, तर त्याच वेळी पेनाने त्वचेवर खूण करून छायाचित्र काढून ठेवा. चकती कुठे लावायची ते त्या खुणेवरून ठरेल, मग लायनर गरम करणारा कारागीर असो की विश्रामबाग यांचा तांदूळ.